आडोशाच्या शेडात पिल्लांना ऊब: कोल्हापूरच्या थंडीत काय चालतं, काय नाही?

माळावरचं_घर
राम राम मंडळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचा मळा आहे. पुढच्या आठवड्यात ग्रामप्रियाची एक दिवसाची ५० पिल्लं येणार आहेत. घरात ठेवायचा प्रश्नच नाही. सासूबाईंनी आधीच बजावलंय की कोंबड्यांची धूळ देवघरापर्यंत आली तर पिल्लांसकट मलाच खुराड्यात कोंडतील. म्हणून गोठ्याला लागून असलेली पत्र्याची शेड वापरणार आहे. तीन बाजूंना कमरेइतकी वीट आणि वर जाळी, चौथी बाजू नुसती जाळीची. दुपारी पत्रा तापतो आणि पहाटे बादलीत हात घालवत नाही, असा सगळा प्रकार. लाईट आहे, पण तिचा भरवसा नाही.
बल्ब किती वॅटचे लावू? ताडपत्रीनं सगळं गच्च बंद करू का? आणि रात्री लाईट गेली तर काय?

कागलचा_पैलवान
ताई, पहिलं म्हंजे एलईडी लावून बसू नका. उजेड पडतोय, ऊब शून्य. जुना तारेचा पिवळा बल्बच पाहिजे. हिशेब सोपा हाय: पिल्लामागं २ वॅट, थंडीत ३. म्हंजे ५० पिल्लांना १५० च्या आसपास. पण १०० वॅटचा एकच मोठा लावायचा न्हाई. ६० चे तीन लावा. एक उडाला तर बाकीचे तरी चालू ऱ्हात्यात. होल्डर चिनीमातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळतोय. आणि बल्ब वायरीला लोंबकळत ठेवू नका, साखळीनं टांगा. वायर सुटून बल्ब खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात पडला की शेड पेटायला वेळ लागत न्हाई.

तांबडापांढरा_फॅन
रस्सा कधी? पत्ता टाका फक्त.

माळावरचं_घर
@तांबडापांढरा_फॅन भाऊ, ग्रामप्रिया अंड्याची जात आहे. तुम्हाला पोळा मिळेल, तोही पाच-सहा महिन्यांनी.

गुरांचा_डॉक्टर
मी निवृत्त पशुवैद्यक. थोडं सविस्तर लिहितो, कारण वॅटच्या हिशेबात लोक अडकतात आणि खरी गोष्ट राहून जाते.
कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. एक दिवसाच्या पिल्लाला ते स्वतःचं स्वतः टिकवता येत नाही. अंगावर असते ती नुसती लव, पिसं नव्हेत. पहिले दहा-बारा दिवस ते बाहेरच्या उबेवरच जगतं. म्हणून पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६, असं दर आठवड्याला ३ अंश उतरवत न्यायचं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो, माळावर त्याहूनही खाली. दुपारी तोच ३० च्या घरात. म्हणजे पहाटे तुम्हाला २० अंशांची भर घालायची आहे आणि दुपारी जेमतेम ५ ची. एकाच उंचीवर टांगलेला बल्ब दोन्ही वेळेला बरोबर असूच शकत नाही. बहुतेक शेडांत पिल्लं थंडीनं जेवढी मरतात, तेवढीच दुपारच्या उकाड्यानं सुकतात. फक्त ती हळूहळू जातात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.
थर्मामीटर जरूर ठेवा, पण तो भिंतीवर नको. तुसापासून दोन इंचांवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. आणि त्याहीपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकावर एक चढून किरकिर करत असतील तर गार वाजतंय. कडेला, भोवतीच्या रिंगणाच्या पत्र्याला चिकटून, चोच उघडी, पंख सैल सोडलेले असतील तर उकडतंय. सगळीच्या सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. सगळीकडे पांगून काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, आवाज बारीक आणि मजेत, तर तुम्हीही जाऊन झोपा.
अजून एक. पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावा. पाय गार लागले तर जमीन गार आहे, वर कितीही बल्ब असोत. म्हणून पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच बल्ब चालू करायचे. तूस आतून तापायला तेवढा वेळ लागतो.

माळावरचं_घर
डॉक्टर, आभारी आहे. हे गालाचं नवीनच कळलं. मग रिंगण केवढं करू? आणि ताडपत्रीचं?

गगनबावडा_पाऊस
ताडपत्रीचं मी सांगतो, आमचं आयुष्य ताडपत्रीखालीच जातंय. गच्च बंद अजिबात करू नका. पडदा खाली पक्का बांधायचा आणि वरून सोडायचा-ओढायचा ठेवायचा. वरती हातभर फट कायम उघडी. गार वारं पिल्लांच्या अंगावरून जायला नको, पण कोंदट हवा वरून गेलीच पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात: पडदा वर बांधतात, खालचा कोपरा वाऱ्यानं फडफडतो आणि सगळा गारठा थेट पिल्लांवर.
सकाळी शेडात वाकून पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर अमोनिया झालाय. आपण पाच फुटांवर उभं राहून म्हणतो, वास कुठाय. वास खाली असतो. रोज हातानं तूस खालीवर करा, भांड्याभोवतीचं ओलं काढून टाका. थंडीला पिल्लू एक वेळ तोंड देईल, ओल आणि थंडी एकत्र आली की संपलं.

कागलचा_पैलवान
रिंगण गोलच करा ताई. कोपरा असला की त्यात घुसून एकमेकांना दाबून मारत्यात. दीड फूट उंचीचा गॅल्व्हनाईज पत्रा न्हाईतर जाड पुठ्ठा. ५० ला चार फूट व्यासाचं पहिल्या आठवड्याला पुरतंय, मग वाढवत जायचं. तूस थंडीत चार इंच जाड. वर पहिले दोन-तीन दिवस कागद, न्हाईतर पिल्लू तूसच दाणा समजून गिळतंय. पण गुळगुळीत पेपर नको, पाय फाकत्यात. खोक्याचा खरबरीत पुठ्ठा उलटा टाका.

शिरोलीचा_सुतार
मी एक वेगळी वाट सुचवतो. उघड्या शेडात टांगलेला बल्ब म्हणजे निम्मी ऊब पत्र्याला देणं. गरम हवा वर जाते आणि तुमच्या त्या हातभर फटीतून बाहेर. पिल्लं तीन इंच उंचीची, आपण तापवतोय आठ फुटांची शेड.
यावर १९४० च्या दशकात अमेरिकेत ओहायोच्या शेती प्रयोग केंद्रात एक साधी पेटी काढली होती. ‘ओहायो ब्रूडर’ म्हणून अजून चालते. बिनबुडाचं प्लायवूडचं खोकं. वर झाकण, चारी बाजूंना फूटभर पट्टी आणि चार इंचांचे पाय. बल्ब आत, बाजूच्या पट्टीला होल्डर मारून आडवे. गरम हवा झाकणाखाली अडकून राहते आणि पिल्लं पायांच्या फटीतून आत-बाहेर करतात. झाकणावर दोन-तीन इंच भुसा पसरायचा, म्हणजे वरून गारठा उतरत नाही.
दर पिल्लाला साधारण १० चौरस इंच धरा. ५० पिल्लांना दोन फूट बाय दोन फूट भरपूर झालं. मी ६० वॅटचे दोन बल्ब समोरासमोर लावतो. बल्ब आणि प्लाय यांत वीतभर अंतर ठेवा, मधे पत्र्याचा तुकडा मारा आणि बल्बाला जाळीचा पिंजरा घाला. वरचा भुसा फटीतून खाली बल्बावर पडणार नाही, एवढं झाकण घट्ट हवं.
गंमत अशी की थर्मामीटरची चिंताच कमी होते. आत ३५, बाहेर १८. पिल्लाला गार वाटलं की ते आत जातं, उकडलं की बाहेर येऊन दाणे टिपतं. बाहेरच्या हवेत वावरल्यामुळं पिसंही लवकर भरतात.

घनसाळ
अगं एवढा खटाटोप कशाला. खुडूक, म्हंजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी बघ. आमच्या आजऱ्याकडं अजून तसंच करत्यात. खुडूक बसलेली गावरान कोंबडी असली की रात्री अंधारात तिच्या पोटाखाली पिल्लं सरकवायची. दिवसा नको, दिवसा ती ओळखती. सकाळी उठली की आपलीच समजून फिरवती. बल्ब नको, लाईट नको. आणि घार दिसली की असा एक आवाज काढती की सगळी पिल्लं पंखाखाली. तुमच्या पेटीला घार दिसती का?

शिरोलीचा_सुतार
मावशी, पेटीला घार दिसत नाही हे मान्य. पण माझी पेटी चोचही मारत नाही.

गुरांचा_डॉक्टर
घनसाळ मावशींचं म्हणणं खरं आहे, पण दोन अडचणी आहेत. एका गावरान कोंबडीच्या पंखाखाली थंडीत दहा-बारा पिल्लं मावतात, ५० नाहीत. पाच कोंबड्या एकदम खुडूक कुठून आणायच्या? दुसरं असं की मोठ्या कोंबडीच्या अंगावर उवा, गोचिडी असतात. मानमोडी किंवा रक्ती हगवण तिच्याकडून पिल्लांत येऊ शकते, ती स्वतः ठणठणीत दिसत असली तरी. विकतची पिल्लं असतील तर वेगळी वाढवलेली बरी. घरचीच अंडी, घरचीच कोंबडी असेल तर मावशींसारखं कोणी नाही.

घनसाळ
तुमचं बरोबर, डॉक्टरसाहेब. पण गोचिडीला राखेत लोळू दिलं की भागतं.

करवीर_१९
लाईट गेली तर काय, हे कोणीच बोललं नाही. आमच्याकडं कोळशाची शेगडी ठेवतात, एक पाटी कोळसा रात्रभर जातो. शेगडीवर पालथी घमेली टाकायची, ठिणगी उडत नाही.

गुरांचा_डॉक्टर
शेगडी ठेवायचीच असेल तर कोळसा बाहेर अंगणात पूर्ण लाल करून, धूर संपल्यावरच आत आणा. वरची फट दुप्पट उघडा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लं शांत झोपल्यासारखी दिसतात आणि सकाळी उठत नाहीत. शेडात माणूस राखणीला झोपणार असेल तर शेगडीचा विचारसुद्धा नको. दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्याचं कारण हेच.

करवीर_१९
माणूस झोपायचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमचा गडी तिथंच झोपतो. आज सांगतो त्याला.

सर्किट_राजारामपुरी
इन्व्हर्टरचा हिशेब देतो. घरची १५० अँपियर-अवरची १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात १२०० धरा, जुनी असेल तर अजून कमी. सुताराच्या पेटीचे दोन बल्ब १२० वॅट, म्हणजे दहा तास. उघड्या शेडात टांगलेले तीन असतील, १८० वॅट, तर साडेसहा. त्यावर फॅन-टीव्ही चालवू नका. पेटीचा खरा फायदा मला इथंच दिसतो.

गगनबावडा_पाऊस
इन्व्हर्टर नसेल तर पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन. उकळतं नको, हात सोसवेल त्याहून जरा जास्त गरम पाणी भरायचं, बूच घट्ट, गोणपाटात गुंडाळून रिंगणात दोन-तीन ठेवायचे. पिल्लं त्याला टेकून झोपतात. दोन-तीन तास जातात, मग बदला. चुलीत तापवलेल्या विटाही चालतात, पण पोतं जळत नाही ना ते बघून मगच ठेवा.

माळावरचं_घर
मंडळी, पिल्लं आली. सुतारभाऊंच्या सांगण्याप्रमाणं पेटी करून घेतली, भोवती गोल पत्रा लावला. आल्या आल्या चोच बुडवून एकेकाला गुळाचं पाणी पाजलं, मग मक्याचा भरडा. संध्याकाळपर्यंत सगळं छान. पण रात्री बघते तर निम्मी पिल्लं पेटीत जातच नाहीत. पेटीच्या मागं, गोठ्याच्या उलट्या बाजूला, पत्र्याला चिकटून ढीग. बल्ब चालू, आत ३५. त्यांना पेटीची भीती वाटते का?

शिरोलीचा_सुतार
भीती नाही. वारा आहे. उदबत्ती लावा आणि पिल्लांच्या उंचीला, तुसापासून चार बोटांवर, रिंगणाच्या कडेकडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथं आडवा होतो, तिकडून येतोय. आपल्याला उभं राहून काही कळत नाही.

माळावरचं_घर
सापडलं! गोठ्याच्या भिंतीत शेण धुवायच्या पाण्याला मोरी आहे. तिच्यातून सरळ धार येत होती, धूर झोपल्यासारखा आडवा झाला. बोळा कोंबला, बाहेरून वीट लावली. अर्ध्या तासात सगळी पेटीत. चार-पाच फटीतून नुसतं तोंड बाहेर काढून बसलीत.

कागलचा_पैलवान
मोरीला नुसता बोळा ठेवू नका, जाळी मारा. अर्ध्या इंचाची. घूस, मुंगूस, धामण, सगळी मंडळी मोरीतनंच येत्यात. एका रात्रीत घूस दहा-पंधरा पिल्लं ओढून नेती आणि एक पीस मागं ठेवत न्हाई.

घनसाळ
आणि गुळाचं पाणी सांडलं असेल ते पूस बाई. मुंग्या लागतील. तांबड्या मुंग्या मलूल पिल्लाला डोळ्यापासनं खातात. रिंगणाच्या बाहेरून हळदीची रेघ ओढ. पाण्याच्या भांड्यात गोट्या नाहीतर धुतलेली खडी टाक, पिल्लू आत पडून भिजलं तर रात्र काढत नाही.

गुरांचा_डॉक्टर
गुळाचं पाणी पहिल्या दिवसापुरतंच. प्रवासातून आलेल्या पिल्लाला तेवढी ताकद पुरते. पोटात अंड्यातला बलक दोन-तीन दिवसांचा शिल्लक असतोच. पुढे चालू ठेवलं तर हगवण लागते आणि बूड चिकटतं. चिकटलं तर कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून काढा. ओढू नका, कातडी फाटते. पुसून पेटीत सोडा.

माळावरचं_घर
डॉक्टर, दुपारचं विचारायचं होतं. साडेबाराला पत्रा इतका तापतो की पेटीबाहेरसुद्धा ३४ दाखवतंय. आत कोणीच नाही, सगळी पाण्याभोवती.

गुरांचा_डॉक्टर
मग बल्ब बंद करा. अकरा ते चार बिनधास्त बंद ठेवा. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, वर दोरीनं आवळा. दुपारचे चार-पाच अंश सहज उतरतात. पडदा वरून अर्धा खाली उतरवा. फक्त चारनंतर विसरू नका. ऊन कललं की माळावर गारवा झपाट्यानं उतरतो.

राधानगरी_रोड
पाचटावरून आठवलं. आमच्याजवळ साखर कारखाना आहे, बगॅस (उसाचा चोथा) फुकटात मिळतं. तुसाऐवजी तेच टाकलं तर? तूस आता फार महाग झालंय.

गुरांचा_डॉक्टर
कोरडं, ताजं, मऊ बगॅस पाणी चांगलं शोषतं. पण कारखान्याच्या ढिगातलं आतून गरम आणि ओलं असतं, त्यात साखरेचा अंश. ते शेडात टाकलं की बुरशी धरते. बुरशीचे कण फुप्फुसात गेले की पिल्लं मान वर करून, तोंड उघडून श्वास घेतात. घरघर नसते, नुसती धाप. यावर म्हणावा तसा उपाय नाही. घ्यायचंच तर उन्हात चार दिवस पातळ पसरून खडखडीत वाळवा, मुठीत दाबून उघडलं की गोळा राहता कामा नये. पांढरी-हिरवी झाक दिसली की शेतात टाका. पहिल्या दोन आठवड्यांच्या पिल्लांना मी तरी तूसच वापरेन, किंवा भुईमुगाच्या टरफलांचा भरडा.

राधानगरी_रोड
बरं. मोठ्या कोंबड्यांकडं टाकतो मग.

माळावरचं_घर
लसीचं सांगाल का? पिल्लं देणारा म्हणाला, मरेक्स रोगाची दिलीय.

गुरांचा_डॉक्टर
पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. ही मानमोडी रोगाची. चौदाव्याच्या आसपास गंबोरो रोगाची, मग चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस. लस बर्फातून आणा आणि द्रावण केल्यापासून तासाभरात संपवा. संध्याकाळी द्या. त्या रात्री बल्ब एखादा तास जास्त ठेवा, लसीनंतर पिल्लं जरा मलूल असतात.

माळावरचं_घर
अपडेट देते. तिसरा आठवडा संपत आला. पंखांची आणि शेपटीची पिसं पूर्ण, पाठ अजून लवेची. रात्री पेटीत निम्मीच जातात, बाकीची झाकणावर चढून भुशात बसतात! एकच बल्ब ठेवलाय. आता बंद करू का?

शिरोलीचा_सुतार
पाठ आणि छाती भरेपर्यंत एक चालू ठेवा. मग चार रात्री फक्त दोन ते सूर्योदय, टायमर लावून. पण पेटी लगेच काढू नका. बल्ब नसला तरी त्यांच्याच अंगाची ऊब आत साठते. आणि रात्री एकदम अंधार झाला की घाबरून गठ्ठा करतात, म्हणून शेडात एखादा शून्यचा बल्ब राहू द्या. इथं मात्र एलईडी चालेल, पैलवान.

कागलचा_पैलवान
चालंल, चालंल.

हातकणंगले_नवा
धागा वाचला, फार उपयोगी. मी मार्चमध्ये २५ गिरिराज आणणार आहे. उन्हाळ्यात हे सगळं लागतं का?

गगनबावडा_पाऊस
मार्चात तुमच्याकडं दुपारी पारा ३५ च्या वर. दिवसा बल्ब लावलात तर शिजवाल. पहिला आठवडा फक्त रात्री, दुसऱ्यात पहाटेपुरता, बहुतेक त्यातच काम होतं. तूस दोन इंच पुरे. पैसे सावलीवर आणि गार पाण्यावर घाला, पाणी दिवसातून तीनदा बदला. वळवाचा पाऊस मात्र विसरू नका. एप्रिलात दुपारी चारला आभाळ भरतं आणि गारांबरोबर पारा एकदम उतरतो. त्या दिवशी भिजलेलं पिल्लू जानेवारीतल्यासारखंच कुडकुडतं. पडदा बांधून तयार ठेवा.

माळावरचं_घर
@हातकणंगले_नवा माझी पेटी फेब्रुवारीअखेर मोकळी होईल. २५ ना भरपूर आहे. होल्डर-वायरसकट घेऊन जा, फक्त येताना एक रिकामं पोतं आणा. वरचा भुसा पण देते, पिल्लांनी त्यावर जे केलंय त्यासकट. तुमच्या वांग्यांना चालेल.

हातकणंगले_नवा
ताई, नक्की येतो. पत्ता खासगी निरोपात टाका.